‘खैरात’ शब्दाविषयीं

इंग्रजींत धर्मार्थ संस्थांस ‘एलिमॉसिनरी’ असें एक अवजड विशेषण लावितात. त्याचें मूळ ग्रीक ‘एलेओस्’, म्हणजे दया. भिक्षावाचक ‘आम्स’ हाहि त्याच कुळींचा. मूळचा एकवचनी, परंतु अंत्य सकारामुळें इंग्रजांस तो अनेकवचनी भासला. आमच्या ‘खैराती’चें नेमकें उलट झालें. अरबींत ‘खैर’ म्हणजे भलें. ‘खैरात’ हें त्याचें अनेकवचन, अर्थात् सत्कृत्यें. मराठीनें तें स्त्रीलिंगी एकवचन करून घेतलें. उधळपट्टीचा वास त्यास मागाहून लागला. तेव्हां जुन्या सनदेंतील ‘खैरात’ वाचून दात्यास उधळ्या ठरविणें चूक होय. मुकुंदवाडी आज ज्या शहरांत सामावली आहे, तेथील पाणचक्कीवर बाबाशाह मुसाफिर यांच्या तकियांतील फकीर-वाटसरूंकरितां धान्य दळीत. ती खैरात जुन्या अर्थाची.