मोफत आणि मुक्त : डेबियनने आखलेली रेघ

‘वेगळे काढणे’ या शब्दांची आपल्याला चीड आहे. पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, वस्ती वेगळी हा आपला इतिहास. म्हणून मुक्त आणि अमुक्त सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात, असे उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत सांगितले तेव्हा पोरांनी विचारले, इथेही सोवळे-ओवळे का? प्रश्न चुकीचा नव्हता.

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. ती कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही, स्वयंसेवक ती घडवतात. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. जुलै १९९७ मध्ये डेबियनने ‘सामाजिक करार’ मंजूर केला आणि मुक्त कशाला म्हणायचे हे लिहून काढले: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. कोणत्याही व्यक्तीशी वा समूहाशी भेदभाव करणारे लायसन्स मुक्त नाही, हेही त्यात आहे. या कसोटीला उतरते ते ‘मेन’मध्ये, न उतरणारे ‘नॉन-फ्री’त, आणि स्वतः मुक्त असून अमुक्तावर विसंबणारे ‘कॉन्ट्रिब’मध्ये. म्हणजे रेघ माणसांत नाही, मालकीच्या अटींवर आहे. जातीची रेघ नेमकी उलटी असते.

ही रेघ कागदावरच राहिली नाही. १९९८ मध्ये केडीई हा लोकप्रिय डेस्कटॉप डेबियनने नाकारला, कारण तो ज्या ‘क्यूटी’वर चालत होता तिचे लायसन्स केडीईच्या लायसन्सशी जुळत नव्हते. २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली आणि केडीईला दार उघडले.

मोफत मिळाले म्हणजे मुक्त झाले, असे आपले कार्यकर्तेही समजतात. आमच्या जुन्या स्मरणिका एका विकतच्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या होत्या. दुकानदाराने तो फुकट टाकून दिला, आम्ही खूश. आज तो फॉन्ट नाही आणि फाइल उघडली की अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसतो. दहा वर्षांचे लेखन आमचे, किल्ली दुसऱ्याकडे.

पण शुद्धतेचीही किंमत असते, आणि ती बहुधा गरिबाने मोजलेली असते. २०११ च्या आवृत्तीपासून डेबियनने अमुक्त फर्मवेअर कर्नलमधून काढून वेगळे ठेवले. तत्त्व बरोबर. पण देणगीत आलेल्या आमच्या जुन्या लॅपटॉपवर वाय-फाय चालेना. फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला फर्मवेअर! ज्याच्याकडे दुसरे यंत्र आहे त्याचे भागते.

२०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून सामाजिक करारच दुरुस्त केला. ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा नवा कप्पा झाला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येते. काय बसवले हे वापरणाऱ्याला कळावे आणि त्याला ते नाकारता यावे, हेही ठरले. ही तडजोड काहींना खुपली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर अमुक्ताचा कप्पा ठेवल्याबद्दल डेबियनला आधीपासूनच मान्यता देत नाही. आम्हाला डेबियनचे पटते. दार उघडले, पण पाटी पुसली नाही.

आता अभ्यासिकेत नवे यंत्र बसवले की पोरे आधी सोर्सेस लिस्टची फाइल उघडतात आणि कोणते कप्पे चालू आहेत ते मोठ्याने वाचतात.