कौशल्याचें माप कोणाच्या हातीं?

'कौशल्य' हा शब्द आपण असा वापरतों, कीं जणूं तें सोनें आहे. कोणत्याही पेढीवर न्यावें आणि तोच भाव मिळावा. पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो.

१९२१ सालीं येथील मावळ्यांनीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पुढें सेनापति म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि धरणाचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें नेऊन ती निर्माण व्हावयाची होती. १९२४ पर्यंत चाललेला तो लढा हरला, भातखाचरें बुडालीं. खाचराचें पाणी केव्हां अडवावें, केव्हां सोडावें, रोप कधीं उपटावें, हें पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या शेतकऱ्याच्या विद्येला नव्या कारखानदारीच्या वहींत रकानाच नव्हता. विद्या अंगांत तीच राहिली. तिचें मोल करणारा तेवढा बदलला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस याच तालुक्यांत, हिंजवडी-माणच्या शिवारांत, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें संगणक-उद्योगाची वसाहत वसविली. आज तेथील तरुण एकाच खुर्चींत बसून देशोदेशींच्या मालकांचें काम करतो. पण प्रत्येक मालकाची कसोटी त्याच्या देशाच्या इतिहासांत घडलेली असते.

जर्मनींत कारागिरांच्या संघांची परंपरा मध्ययुगापर्यंत पोंचते. शाळा आणि कारखाना या दोहोंत मिळून होणारें उमेदवारीचें शिक्षण तेथें १९६९ च्या कायद्यानें देशभर एका नियमाखालीं आणलें. साहजिकच तेथील मालक प्रथम पाहतो तें रीतसर शिक्षण. जपानांतील मोठ्या कंपन्यांची, महायुद्धानंतर दृढ झालेली, रीत वेगळी आहे: नव्या पदवीधरांना दर एप्रिलमध्यें एकदम घ्यावें आणि काम आपणच शिकवावें. म्हणून तेथें शिकण्याची तयारी आणि सहकाऱ्यांशीं मिळून वागणें यांना मान. वरिष्ठांस कामाची खबर द्यावी, संबंधितांस कळवावें, अडल्यास सल्ला घ्यावा, या तीन गोष्टी मिळून तेथें 'होरेन्सो' असा एकच शब्द रूढ आहे. अमेरिकेंत बहुधा ठराविक जागेच्या ठराविक कामासाठीं माणूस नेमतात, आणि बैठकींत त्यानें आपलें मत स्वतः होऊन मांडावें, अशी अपेक्षा धरतात.

आतां आपल्या घरांतील मुलाचा विचार करा. वडीलधाऱ्यांपुढें विचारल्याशिवाय बोलूं नये, हें आपण त्यास शिकविलें. तेंच मौन अमेरिकन मालकास अज्ञान वाटतें. उलट, प्रत्येक पायरीवर वरिष्ठांस विचारणें जपानी मालकास जबाबदारीचें वाटतें, तर दुसरीकडे तें परावलंबन ठरूं शकतें. मुलगा तोच, काम तेंच. शेरा मात्र निराळा.

म्हणून कोणी 'तुमच्या अंगीं कौशल्य नाहीं' असें म्हटल्यास खचून जाण्यापूर्वीं, तें माप कोणत्या देशांत घडलें आहे, एवढें विचारून घ्यावें आणि मग तें शिकावें. मुळशीच्या शेतकऱ्यास ती सवड मिळाली नाहीं. त्याच्या नातवंडांस ती आहे. ती त्यांनीं दवडूं नये.