टॅरोचे पत्ते इजिप्तचेच, पण कोणत्या इजिप्तचे?

टॅरोचे पत्ते मांडून शेवटी ऑरॅकलचा एक पत्ता काढायचा, अशी भविष्य सांगण्याची पद्धत सध्या चालते. दोन्हींना ‘प्राचीन विद्या’ म्हणतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

टॅरो फारोंच्या इजिप्तमधला, हा दावा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये केला. इजिप्तशी नाते आहे, पण ते मुसलमान मामलुकांच्या काळातले. त्यांच्या पत्त्यांत किलवर-चौकटसारखे चार रंग होते : प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. असा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. हे रंग युरोपात पोहोचले. पोलोच्या काठ्यांचे तिथे दंडुके झाले. पंधराव्या शतकात इटलीत त्यांना हुकुमाचे चित्रपत्ते जोडले, तेही खेळण्यासाठीच.

ऑरॅकल पत्त्यांतला प्रसिद्ध लेनोरमाँ संचही मुळात ‘आशेचा खेळ’ नावाचा ३६ पत्त्यांचा जर्मन खेळ. लेनोरमाँ या भविष्यवेत्तीचे नाव त्याला तिच्या मृत्यूनंतर (१८४३) चिकटले.

कुरआनने (५:९०) जुगार आणि बाणांनी कौल घेणे, दोन्ही निषिद्ध ठरवले. त्यामुळे ‘हे पत्ते आपल्याकडूनच गेले’ म्हणून भविष्य पाहणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन : आपल्याकडून खेळ गेला, भविष्य त्यात नंतर इतरांनी भरले.