श्वेत संतुलन

श्वेत संतुलन किंवा व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरी वस्तू छायाचित्रातही पांढरीच दिसावी, यासाठी प्रकाशानुसार कॅमेऱ्यातील रंगांचे प्रमाण जुळवणे होय. मानवी दृष्टी ही जुळवणी आपोआप करते.

प्रकाशाचे रंगतापमान केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्तीचे रंगतापमान सुमारे १९००, टंगस्टन बल्बचे २७०० ते ३२००, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५००, तर निरभ्र आकाशाखालील सावलीचे ७००० केल्विन वा अधिक असते. आकडा कमी तसा प्रकाश तांबूस, अधिक तसा निळसर असतो. म्हणून कॅमेऱ्यातील टंगस्टन पर्याय चित्रात निळी छटा वाढवतो, तर सावलीचा पर्याय पिवळसर.

स्वयंचलित पर्याय सूर्यास्ताचा तांबूसपणाही फिका करू शकतो. अशा वेळी उन्हाचा पर्याय निवडतात. अचूक रंगांसाठी त्याच प्रकाशात करड्या कार्डाचे छायाचित्र घेऊन संतुलन ठरवतात. रॉ स्वरूपातील छायाचित्रात ते नंतरही बदलता येते.