हिंगणे वकिलात आणि वेतननिश्चितीचा प्रश्न

परराज्याच्या राजधानीत वकिलात ठेवावयाची म्हटली की दोन प्रकारची माणसे लागतात. काही स्वराज्यातून पाठविलेली आणि काही तेथल्या तेथे चाकरीस ठेवलेली. पहिल्यांचे वेतन पाठविणाऱ्या राज्यातील त्यांच्या दर्जावरून ठरविता येते. दुसऱ्यांचे कोणत्या मापाने ठरवावे, हा प्रश्न अवघड असतो. अमेरिकेच्या १९८० च्या परराष्ट्र सेवा अधिनियमाने अशा नोकरांसाठी त्या त्या ठिकाणच्या प्रचलित वेतनमानाचा आधार घेतला. अठराव्या शतकात पुणे दरबारापुढे हाच प्रश्न दिल्लीत उभा होता. तो कसा सोडविला गेला व त्याचे परिणाम काय झाले, हे पाहण्यास नाशिकच्या हिंगणे घराण्याचा इतिहास उपयोगी पडतो.

महादेवभट हिंगणे हे नाशिकचे तीर्थोपाध्याय. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीच्या स्वारीस निघाले, तेव्हा महादेवभट त्यांच्यासमवेत होते. १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळवून पेशवे परतले. महादेवभट मात्र वकील म्हणून दिल्लीस राहिले. १७४४ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम व देवराव या पुत्रांनी हे काम पुढे चालविले. एका क्षेत्रोपाध्यायाच्या घराकडे बादशाही दरबारातील वकिली अशा रीतीने वंशपरंपरेने आली.

या सेवेचा मोबदला आजच्या अर्थाने पगार नव्हता. मराठी राज्यव्यवस्थेत थोर कामगारांची प्राप्ती अनेक अंगांची असे: रोख नेमणूक किंवा तैनात, पालखीचा व पोशाखाचा खर्च, आणि सर्वांत टिकाऊ म्हणजे इनाम जमीन. यांतील रोख रक्कम सेवेचा चालू खर्च भागवी. इनाम मात्र घराण्याला स्वदेशाशी बांधून ठेवी. दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या हिंगण्यांचे वैभव उभे राहिले ते गोदातीरी, निफाड तालुक्यातील चांदोरी येथे. वकील कितीही दूर असला तरी त्याच्या पुत्रपौत्रांचे भवितव्य पेशव्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे, हा या पद्धतीचा व्यावहारिक अर्थ होता.

वकिलाच्या हाताखालील माणसांची गोष्ट निराळी. बादशाही दरबाराचा कारभार फारसीत चाले, पुण्यास जाणारी पत्रे मोडीत लिहिली जात. त्यामुळे मराठी कारकुनाबरोबर दिल्लीच्या रिवाजात मुरलेला मुनशी लागे. शिवाय हरकारे, कासीद, चोपदार व इतर शागिर्दपेशा. या स्थानिक माणसांना गोदातीरीच्या इनामाचे आकर्षण असण्याचे कारण नव्हते. त्यांना दिल्लीत चालणाऱ्या नाण्यात, दिल्लीच्या दराने व वेळच्या वेळी पैसा हवा असे. पुण्याहून पैसा यावयाचा तो सावकारी हुंडीने. त्यावर हुंडणावळ पडे, नाण्यांच्या बदलीत बट्टा जाई. त्यातच १७३९ मध्ये नादिरशहाने आणि १७५७ मध्ये अब्दालीने दिल्ली लुटली. अशा काळात एकेका मुनशीच्या वेतनासाठी पुण्याच्या मंजुरीची वाट पाहणे अशक्यच होते. म्हणून वकिलाच्या एकत्रित प्राप्तीतून त्याने आपला परिवार पोसावा, हाच मार्ग सोयीचा ठरला.

या सोयीची किंमत राज्याला द्यावी लागली. स्थानिक नोकर ज्याच्या हातून वेतन घेई त्याचाच चाकर मानला जाई. तो राज्याचा नोकर न राहता हिंगण्यांचा होई. सरकारी खर्च कोणता व घरचा कोणता, ही रेषाही पुसट झाली. १७५० नंतरच्या दशकात दिल्लीत असलेले पेशव्यांचे सरदार अंताजी माणकेश्वर व हिंगणे यांचे वैर विकोपास गेले आणि परस्परांविरुद्ध तक्रारी पुण्यास जाऊ लागल्या. त्या तक्रारींचा निवाडा करण्यास पुणे दरबारापाशी या दोन पक्षांहून स्वतंत्र असे साधन थोडेच होते. वकिलातीचे कागदही घराण्याचेच राहिले. भारत इतिहास संशोधक मंडळाने विसाव्या शतकात ते प्रसिद्ध केले, तेही ‘हिंगणे दप्तर’ या नावाने. राज्याचे दप्तर घराण्याच्या नावाने ओळखले जावे, यात त्या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते.

वेतनाची दुसरी पद्धत पुण्यातच इंग्रज रेसिडेन्सीत दिसते. १७८६ मध्ये मॅलेट पुण्यास आल्यापासून तेथे इंग्रज वकिलात कायम झाली. तिचा देशी कारभारी खुश्रूशेट मोदी हा कर्नल क्लोजच्या काळात इतका वजनदार झाला की दुसऱ्या बाजीरावाने त्याला कर्नाटकाची सरसुभेदारीही दिली. एकाच माणसाला दोन सरकारांकडून प्राप्ती होऊ लागली. पुढे एल्फिन्स्टनने त्याला दोहोंपैकी एक चाकरी निवडण्यास सांगितले. मोदीने सरसुभेदारी सोडली. तरीही त्याच्याविषयीचा संशय मिटला नाही. निवृत्तिवेतन देऊन त्याला गुजरातेत पाठविण्याचे ठरले. पण निघण्यापूर्वीच, १८१५ मध्ये, विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. ते विष त्याने स्वतः घेतले की दुसऱ्याने दिले, याविषयी त्या वेळीही एकमत नव्हते.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता स्थानिक नोकराचे वेतन ही केवळ बाजारभावाची बाब ठरत नाही. दर बाजाराने सुचवावा, हे योग्यच. परंतु तो कोणी मंजूर करावा, कोणी हाती द्यावा आणि त्याखेरीज अन्य प्राप्तीस मुभा असावी की नाही, यावर त्या नोकराची निष्ठा ठरते. पेशव्यांनी वकिलाची निष्ठा इनामाने राखली, त्याच्या मुनशीची मात्र वकिलावर सोपविली. इंग्रजांनी देशी कारभाऱ्यास थेट चाकरीत घेतले, पण त्याच्या दुसऱ्या प्राप्तीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले. मराठी राज्याच्या परराष्ट्रकारभाराचे मूल्यमापन करताना तहनाम्यांइतकेच लक्ष वकिलातींच्या जमाखर्चाकडे देणे म्हणूनच अगत्याचे आहे.