हरताळ लावलेली शर्यत

जुन्या पोथ्या लिहिताना लेखनिकाची चूक झाली, की त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप दिला जाई. लेप विरला, की खालचे अक्षर पुन्हा दिसू लागते, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. क्रीडेतिहासाच्या पोथीतही असे एक पान आहे: इटलीतील कोर्तिना द’आम्पेझ्झो येथे फेब्रुवारी १९४१मध्ये झालेल्या जागतिक अल्पाइन स्कीइंग स्पर्धेचे.

डाउनहिल ही या खेळातील सर्वांत निष्ठुर शर्यत. स्पर्धक एकेक करून बर्फाळ उतारावरून वेगाने खाली येतो आणि त्या एकाच फेरीतील वेळेवर निकाल ठरतो. त्या वर्षी पुरुषांची डाउनहिल योझेफ येनेवाइन याने जिंकली. तो मूळचा ऑस्ट्रियातील सांक्ट आन्टोनचा. पण १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळे तो जर्मनीतर्फे उतरला होता. विजेत्याचा स्वतःचा देशच तेव्हा नकाशावर नव्हता.

१९४६मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने या स्पर्धेचे सर्व निकाल रद्द केले. सहभाग जर्मनी-इटलीच्या गोटातील किंवा त्यांच्याशी युद्धात नसलेल्या देशांपुरताच होता. अशा स्पर्धेला ‘जागतिक’ म्हणायचे कसे? प्रश्न रास्तच होता. ज्या ब्रिटिश आर्नल्ड लन यांच्या खटपटीतून १९३१मध्ये म्युरेन येथे पहिली जागतिक अल्पाइन स्पर्धा झाली, त्यांच्या देशाला इथे जागा नव्हती. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक गाजवलेला पोलंडचा ब्रोनिस्वाव चेख तर जून १९४०पासून आउश्विट्झच्या छळछावणीत होता. तिथेच १९४४मध्ये त्याचा मृत्यू झाला. विजेता येनेवाइनही वाचला नाही. जर्मन लढाऊ वैमानिक म्हणून १९४३मध्ये तो पूर्व आघाडीवर बेपत्ता झाला. या दोन मृत्यूंना एका पारड्यात तोलता येणार नाही. एक बंदिवान होता, दुसरा आक्रमक सैन्याचा शिपाई.

रद्द करण्याचा निर्णय न्याय्य मानूनही एक शंका उरते. विजेत्यांच्या अधिकृत यादीत १९३९नंतर थेट १९४८ येते. मधली कोरी जागा पाहणाऱ्याला वाटते, की युद्ध आले आणि खेळ थांबला. वस्तुस्थिती तशी नव्हती. सैन्ये युरोप तुडवत असताना उतारावर झेंडे रोवले गेले, वेळ मोजली गेली, पदके वाटली गेली. चेख छावणीत होता आणि शर्यत सुरू होती. कोऱ्या जागेमुळे खेळाला जे निरपराधित्व लाभते, ते त्याने कमावलेले नाही.

कोर्तिनाला १९५६मध्ये हिवाळी ऑलिंपिक भरले. पुरुषांची डाउनहिल ऑस्ट्रियाच्या टोनी झायलरने जिंकली, आणि तीही स्वतंत्र ऑस्ट्रियाच्या नावाने. त्याच गावाच्या उतारांवरची १९४१ची शर्यत मात्र पाठभेदांच्या तळटीपेतही क्वचितच आढळते. चुकीच्या ओळीवर हरताळ लावणे हे लेखनिकाचे काम. त्याखाली काय लिहिले होते ते वाचून दाखवणे, हे इतिहासकाराचे.