ट्रकची वीज व ट्रेलरचे घर : एका जोडणीचा इतिहास

मागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरला ट्रकनेच वीज पुरवावी, ही कल्पना दिसते सोपी. परंतु अमेरिकेतील तिचा इतिहास जोडण्यापेक्षा तोडण्याचाच अधिक आहे. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि इंजिन सुरू करण्याचा भार बॅटरीवर पडला. त्याच बॅटरीवर ट्रेलरचे दिवे रात्रभर जाळल्यास सकाळी इंजिन सुरू होत नाही व प्रवासी रानात अडकतो. म्हणून ट्रेलरला स्वतंत्र बॅटरी मिळाली. अमेरिकन इंग्रजीत तिला ‘घरची बॅटरी’ अशा अर्थाचे नाव आहे. इंजिन चालू असता दोन्ही बॅटऱ्या जोडणे व ते थांबताच विलग करणे, हे काम रिलेने साधले.

दुसरी अडचण तारेच्या लांबीची होय. १९५५ च्या सुमारास बहुतेक अमेरिकन मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. तेवढ्याच शक्तीस निम्मा प्रवाह पुरू लागल्याने त्याच तारेतील व्यय चतुर्थांशावर आला. १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत क्रायसलरने अल्टरनेटर बसविला. त्यामुळे इंजिनाच्या मंद गतीतही बॅटरी भारली जाऊ लागली. सिलिकॉन डायोडने प्रवाहाची परतवाट रोखली; तथापि त्यात सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. त्याची भरपाई न झाल्यास दूरची बॅटरी अर्धवटच भारली जाते. पुढे दाब वाढवून देणारे परिवर्तक आले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच.

सारांश, वीज वाटून घेण्याची ही व्यवस्था टिकली, ती योग्य वेळी संबंध तोडण्याच्या सोयीमुळे.